नाण्याचा चेहरा वाचताना

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

एकाच साली, एकाच टांकसाळीत, एकाच नमुन्याची पाडलेली दोन नाणी. दोन्ही चांदीची, दोन्ही अस्सल. एकाची किंमत एखाद्या पगारदार माणसाला परवडेल इतकी आणि दुसऱ्याची इतकी, की त्या पैशात अमेरिकेत चांगले घर यावे. ही अतिशयोक्ती नाही. १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेल्या चांदीच्या डॉलरची ही गोष्ट आहे. त्या वर्षी तिथे असे बत्तीस लाख डॉलर पाडले गेले. ते लोकांच्या खिशात गेले, दुकानांच्या गल्ल्यात गेले, हातोहात फिरले आणि झिजले. झिजलेले नाणे आजही मिळते. कोरे करकरीत मात्र शोधून सापडत नाही.

आता प्रश्न असा, की ‘झिजलेले’ आणि ‘न झिजलेले’ यांच्यामधली रेषा कुणी आखायची? नाणे तर बोलत नाही. विकणारा म्हणतो, कोरे आहे. घेणारा म्हणतो, जरा घासलेले दिसते. या ‘जरा’ शब्दावर हजारो डॉलर इकडचे तिकडे होतात. म्हणून नाण्याची प्रत ठरवण्याचे एक शास्त्रच अमेरिकेत उभे राहिले. शास्त्र म्हणावे तर त्यात डोळ्याचा अंदाज फार, आणि कला म्हणावी तर त्यात आकडे फार. आज या विषयाची ओळख करून घेऊ. वडीलधाऱ्यांनी ठेवलेल्या डब्यात चार परदेशी नाणी निघाली, तर त्यांच्याकडे कसे पाहावे आणि मुख्य म्हणजे त्यांचे काय करू नये, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

किती पाडली आणि किती उरली

दुर्मीळपणा आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुर्मीळपणा म्हणजे अशी नाणी जगात किती उरली आहेत, आणि प्रत म्हणजे हातातले नाणे किती चांगल्या अवस्थेत आहे. किंमत या दोहोंच्या मिलाफातून ठरते.

टांकसाळीच्या जुन्या नोंदींत किती नाणी पाडली याचा आकडा असतो. पण तो फसवा असू शकतो, आणि त्यामागची हकीकत थेट आपल्या देशाशी येऊन भिडते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस भारतात चांदीची मोठी टंचाई झाली. कागदी नोटा परत करून लोक चांदीचे रुपये मागू लागले. सरकारी खजिन्यातली चांदी संपत आली. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली आणि १९१८ साली अमेरिकेत पिटमन कायदा झाला. त्याखाली तिजोरीत पडून असलेले सुमारे सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवण्यात आले. त्यातले जवळजवळ सव्वीस कोटी ब्रिटनला विकण्यासाठी होते आणि ती चांदी भारतासाठी हवी होती. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत त्या काळात पंचम जॉर्जचे रुपये धडाधड पडत होते. तुमच्या घरात आजीने जपून ठेवलेला १९१८चा रुपया असेल, तर त्यात अमेरिकन डॉलरची चांदी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

पण वितळवताना कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर गेले याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे अमुक साली पन्नास लाख नाणी पाडली एवढे कळून भागत नाही. १९०३ साली न्यू ऑर्लीन्सला पाडलेला डॉलर अनेक वर्षे अतिदुर्मीळ मानला जाई. १९६२च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याच नाण्यांच्या न उघडलेल्या थैल्या बाहेर पडल्या आणि त्याची किंमत पाहता पाहता कोसळली.

शब्दांकडून आकड्यांकडे

पूर्वी नाण्याची प्रत शब्दांत सांगत. ‘गुड’, ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे न वापरलेले. गंमत अशी, की या भाषेत ‘गुड’ म्हणजे चांगले नव्हे. ‘गुड’ नाणे म्हणजे बरेच झिजलेले, जेमतेम आकृती आणि साल दिसणारे. ज्यांना हे ठाऊक नसते ते शब्दावर भुलतात.

१९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तांब्याच्या जुन्या, आकाराने मोठ्या सेंटवर एक पुस्तक लिहिले. १७९३ ते १८१४ या काळातली ही नाणी. शेल्डनने त्यांना एक ते सत्तर असे आकडे दिले. एक म्हणजे कसेबसे ओळखू येणारे नाणे आणि सत्तर म्हणजे निर्दोष. त्याची कल्पना सरळ होती. एक अंकाच्या नाण्याला एक डॉलर मिळत असेल, तर सत्तर अंकाच्या नाण्याला सत्तर डॉलर मिळावेत. बाजाराने हे त्रैराशिक लवकरच मोडून टाकले, पण आकडे तेवढे राहिले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन या संग्राहकांच्या मोठ्या संस्थेने ही मोजपट्टी सर्व अमेरिकन नाण्यांसाठी स्वीकारली.

शेल्डनची पुढची कहाणी मात्र विचार करायला लावणारी आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी त्याने आपली हलक्या प्रतीची नाणी ठेवल्याचे पुढे उघडकीस आले. साल तेच, नमुना तोच, संख्याही तेवढीच, मग कुणाला पटकन कळणार कसे? प्रतीतला फरक किती मोलाचा असतो, याचा याहून बोलका पुरावा कोणता द्यावा?

आज ही मोजपट्टी साधारण अशी आहे. ४ ते ६ गुड, ८ ते १० व्हेरी गुड, १२ ते १५ फाइन, २० ते ३५ व्हेरी फाइन, ४० ते ४५ एक्स्ट्रीमली फाइन, ५० ते ५८ अबाउट अनसर्क्युलेटेड म्हणजे जवळजवळ कोरे, आणि ६० ते ७० मिंट स्टेट, म्हणजे टांकसाळीतून निघाले तसे, वापराची झीज नसलेले. शेवटच्या दोन पायऱ्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ए.यू.’ आणि ‘एम.एस.’ म्हणतात. ‘प्रूफ’ हा शब्दही ऐकू येतो. प्रूफ ही प्रत नव्हे, ती नाणे बनवण्याची पद्धत आहे. खास घासलेल्या ठशांनी, खास चकत्यांवर, आरशासारखी पाडलेली ही नाणी असतात. तीही खराब होऊ शकतात आणि त्यांनाही आकडा मिळतो.

झीज कुठे पाहावी?

झीज सर्वांत आधी उंच भागावर येते. रस्त्यावरचा डांबराचा थर जसा उंचवट्यावर आधी निघतो, तसेच नाण्याचे. म्हणून प्रत्येक नमुन्याचे उंच भाग कोणते हे माहीत करून घेणे हा पहिला पाठ.

चार्ल्स बार्बरने आखलेली दहा आणि पंचवीस सेंटची नाणी १८९२ ते १९१६ या काळात पडली. त्यावरच्या लिबर्टी देवीच्या डोक्यावर एक पट्टी आहे आणि तिच्यावर ‘लिबर्टी’ हा शब्द सात इंग्रजी अक्षरांत कोरलेला आहे. ही सात अक्षरे म्हणजे आयता तराजू. एकही अक्षर धड दिसत नसेल तर नाणे गुड. निदान तीन अक्षरांइतका भाग वाचता आला तर व्हेरी गुड. सातही अक्षरे, मग ती थोडी पुसट का असेनात, दिसली तर फाइन. नवशिक्याने सुरुवात करावी ती या नाण्यांपासून, कारण इथे मतभेदाला जागा कमी.

दुसरे उदाहरण बायसनचे चित्र असलेल्या पाच सेंटच्या नाण्याचे. जेम्स फ्रेझर या शिल्पकाराचे हे नाणे १९१३ ते १९३८ या काळातले. एका बाजूला मूळनिवासी माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बायसन. इथे सगळे बायसनचे शिंग पाहतात. शिंग गुळगुळीत झालेले पण अर्धवट दिसणारे असेल तर फाइन. शिंगाचा बराचसा भाग शाबूत असेल तर व्हेरी फाइन. पण इथे एक मेख आहे. १९२०च्या दशकात डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळींत यातली कित्येक नाणी इतक्या हलक्या दाबाने पाडली गेली, की शिंग मुळातच नीट उठले नाही. नुसते शिंग पाहून निकाल दिला तर कोऱ्या नाण्यावर अन्याय होतो. याच नाण्यावरचे साल उंच भागावर असल्यामुळे लवकर झिजते. ते आम्ल लावून पुन्हा उठवता येते, पण तसे उठवलेले साल म्हणजे जखमेचा व्रण. संग्राहक त्याला फारसा भाव देत नाहीत.

अठ्ठावन्न की साठ?

आता खऱ्या अवघड जागी येऊ. ए.यू. ५८ आणि एम.एस. ६० यांच्यात आकड्यांचा फरक अवघा दोनाचा आहे. पण एका बाजूला थोडेसे का होईना वापरलेले नाणे आणि दुसऱ्या बाजूला न वापरलेले. सुरुवातीला सांगितलेला १८८४चा डॉलर याच उंबरठ्यावर किंमत बदलतो.

हा मॉर्गन डॉलर. जॉर्ज मॉर्गन या कोरक्याच्या नावाने तो ओळखला जातो. १८७८ ते १९०४ या काळात आणि पुढे पिटमन कायद्याखाली वितळवलेल्या डॉलरांची भरपाई म्हणून १९२१ साली तो पाडला गेला. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के तांबे. २०२१पासून टांकसाळीने संग्राहकांसाठी त्याच नमुन्याची नवी नाणी काढली, ती वेगळी. जुन्या मॉर्गनवर पाहायच्या जागा म्हणजे लिबर्टीच्या कानावरचे केस, तिचा गाल आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती.

समजा, कानावरचे केस सपाट दिसले. ही झीज आहे की ठसा हलका बसला आहे? न्यू ऑर्लीन्सच्या कित्येक डॉलरांवर छाप कमजोर असते. सॅन फ्रान्सिस्कोची १८७९ ते १८८२ची नाणी मात्र ठसठशीत असतात. तेव्हा सपाटपणा पाहून घाई करू नये. त्या सपाट जागेचा रंग आणि चमक पाहावी. हलक्या छापेमुळे सपाट राहिलेल्या जागीही मूळची झळाळी असते. झिजलेली जागा मंद, करडी, विझल्यासारखी दिसते.

ही झळाळी म्हणजे नक्की काय? ठसा जेव्हा जबर दाबाने चकतीवर आदळतो, तेव्हा धातू कणकेसारखा मधून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्याच्या पृष्ठभागावर उमटतात. नाणे दिव्याखाली तिरके धरून हळू फिरवले, की त्या रेषांवरून प्रकाशाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गरगर फिरतात. अमेरिकन संग्राहकही या झळाळीला गाडीचे चाकच म्हणतात. फिरणारा पट्टा गालावर किंवा छातीवर येऊन तुटला, तर तिथल्या रेषा घासल्या गेल्या आहेत. मग ते नाणे साठच्या खाली.

यासाठी लागणारी सामग्री साधी आहे. अंधाऱ्या खोलीत एकच पिवळ्या बल्बचा टेबललॅम्प. ट्यूबलाइट नको, तिचा पसरट उजेड बारीक ओरखडे लपवतो. पाच ते सात पट मोठे दाखवणारे भिंग पुरे, त्याहून जास्त मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली प्रत्येक नाणे भयंकरच दिसते. नाणे नेहमी कडेने, अंगठा आणि बोटात धरावे. खाली मऊ कापड असावे, म्हणजे सुटले तरी इजा नाही. आणि नाण्यावर वाकून बोलू नये. थुंकीचा बारीकसा शिंतोडा चांदीवर कायमचा डाग ठेवतो.

साठच्या पुढे

साठ ते सत्तर या अकरा पायऱ्यांत झीज मुळीच नाही. मग फरक कशाचा? चार गोष्टींचा. छाप किती ठसठशीत बसली, झळाळी किती जिवंत आहे, ओरखडे आणि खोका किती व कुठे आहेत, आणि एकंदरीत नाणे डोळ्याला कसे वाटते.

न वापरलेल्या नाण्याला खोका कुठून पडतील, असे कुणी विचारेल. मॉर्गन डॉलर टांकसाळीतून निघाले ते हजार हजारांच्या कापडी थैल्यांत. एका थैलीचे वजन जवळजवळ सत्तावीस किलो. त्या थैल्या उचलल्या, आपटल्या, एकमेकींवर रचल्या. आत एक डॉलर दुसऱ्याच्या गालावर आदळत राहिला. म्हणून नाणे कुणाच्याही खिशात न जाताही जखमी होते. खोक कुठे आहे यालाही महत्त्व असते. केसांच्या गुंत्यात पडलेली खोक चटकन दिसत नाही. तीच गुळगुळीत गालाच्या मधोमध असली, तर नाण्याची प्रत खाली येते.

साधारणपणे साठ म्हणजे झीज नाही पण खोका भरपूर, त्रेसष्ट म्हणजे बऱ्यापैकी, पासष्ट म्हणजे सुंदर, सदुसष्ट म्हणजे अपवादात्मक. सत्तर म्हणजे पाच पट भिंगाखालीही दोष न दिसणारे. जुन्या मॉर्गनमध्ये सत्तरची अपेक्षा धरूच नये.

तांब्याच्या नाण्याला आणखी एक परीक्षा असते, ती रंगाची. नवा सेंट लालसर असतो आणि वर्षानुवर्षे तपकिरी होत जातो. मूळचा लाल रंग पंचाण्णव टक्क्यांहून अधिक टिकला असेल तर ‘रेड’, मधला असेल तर ‘रेड-ब्राउन’, पाच टक्क्यांहूनही कमी असेल तर ‘ब्राउन’. आकडा तोच असला, तरी लाल नाण्याची किंमत पुष्कळ जास्त असते.

चिंच, लिंबू आणि रांगोळी

आता आपल्या घरातली गोष्ट. दिवाळीच्या आधी देवाची भांडी चिंचेने घासायची, चांदीची निरांजने टूथपेस्टने उजळायची, लक्ष्मीपूजनाला नाणी लखलखीत करून मांडायची, ही आपली रीत. पूजेच्या नाण्यांसाठी ती ठीकच आहे. संग्रहाच्या नाण्यासाठी मात्र तिच्याइतका मोठा शत्रू नाही.

चिंचेतले आणि लिंबातले आम्ल धातूचा वरचा थर खाते. त्याच थरावर झळाळीच्या त्या सूक्ष्म रेषा असतात. राख, रांगोळी किंवा पावडर यांचे कण ओरखडे पाडतात. घासलेले नाणे नुसत्या डोळ्यांना पांढरेशुभ्र दिसते, पण बल्बखाली तिरके धरले की एकाच दिशेने गेलेले शेकडो केसाएवढे ओरखडे दिसतात. अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र जुना काळेपणा तसाच राहिलेला असतो. जाणकाराला हे क्षणात कळते. नाणी तपासणाऱ्या संस्था अशा नाण्याला आकडाच देत नाहीत. ‘नक्षी अमुक प्रतीची, पण नाणे साफ केलेले’ असा शेरा तेवढा मारतात. पन्नास-साठ वर्षे डब्यात सुखरूप राहिलेले नाणे विकायला नेण्याच्या आदल्या रात्री कुणीतरी प्रेमाने घासते आणि त्याची किंमत निम्म्याहूनही खाली जाते. ते नुकसान भरून काढायला कोणताही उपाय नाही.

चांदी काळी पडणे हा बिघाडच असतो असे नाही. हवेतल्या आणि कागदातल्या गंधकाने चांदीवर पातळ थर चढतो आणि त्या थराच्या जाडीप्रमाणे पिवळा, जांभळा, निळा असे रंग दिसतात. ते नैसर्गिकपणे एकमेकांत मिसळत गेले असतील, तर संग्राहक उलट जास्त पैसे देतात. याचा फायदा घेऊन उष्णतेने आणि रसायनांनी कृत्रिम रंग चढवणारेही आहेत. असे रंग भडक आणि वर तरंगल्यासारखे वाटतात.

आपल्याकडे आणखी एक सावधगिरी हवी. सराफाकडे नाणे नेले, की ते कसोटीच्या दगडावर घासण्याचा किंवा कानस मारण्याचा संभव असतो. चांदी खरी की खोटी हे त्यातून कळेल, पण नाणे गेले. आणि मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नयेत. त्या प्लॅस्टिकमधून सुटणाऱ्या द्रव्याने नाण्यावर हिरवट, चिकट थर बसतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे लवकर होते. कडक, पारदर्शक प्लॅस्टिकची डबी आणि जवळ ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी, एवढे पुरे.

नक्कल आणि फेरफार

प्रत ठरवण्याच्या आधी नाणे अस्सल आहे का, हे पाहावे लागते. बनावट नाणे कितीही कोरे असले तरी त्याला प्रत नसते. आणि सर्वांत फसवी असतात ती संपूर्ण खोटी नाणी नव्हेत, तर खऱ्या नाण्यात केलेले फेरफार.

१९१४ साली डेन्व्हरला पाडलेला लिंकन सेंट महाग आहे. १९४४ साली डेन्व्हरलाच पाडलेला सेंट अगदी स्वस्त. म्हणून १९४४मधला पहिला चार खरवडून त्याचा एक करतात. पण खरवडणाऱ्याला एक गोष्ट लपवता येत नाही. या नाण्याचा शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर. त्याची आद्याक्षरे लिंकनच्या खांद्यावर आली ती १९१८ साली. तेव्हा १९१४च्या नाण्यावर खांद्यापाशी ती अक्षरे दिसली, तर ते नाणे खोटे बोलते आहे. शिवाय नऊ आणि एक या आकड्यांतले अंतरही नको तितके मोठे असते.

१९४३चा सेंट असाच प्रसिद्ध. युद्धात तांबे वाचवण्यासाठी त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे केले गेले. चुकून तांब्याच्या जुन्या चकत्यांवर मोजकीच नाणी पडली आणि ती फार मोलाची आहेत. म्हणून पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन विकतात. त्याची परीक्षा घरच्या घरी होते. चुंबक लावा. चिकटले तर पोलाद. वजनही सांगते, पोलादी सेंट २.७ ग्रॅम आणि तांब्याचा ३.११ ग्रॅम.

१८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोला फक्त एक लाख मॉर्गन डॉलर पाडले गेले. त्यामुळे त्याच वर्षीच्या फिलाडेल्फियाच्या डॉलरवर, जिथे टांकसाळीचे अक्षर मुळात नसतेच, तिथे ‘एस’ हे अक्षर चिकटवण्याचे प्रकार होतात. अक्षराभोवती भिंगातून पाहिले, तर जोडाची बारीक रेघ किंवा बदललेला रंग सापडतो. नक्कल केलेल्या नाण्यावर ‘कॉपी’ असा शब्द उठवलाच पाहिजे, असा कायदा अमेरिकेत १९७३ सालीच झाला. पण जो फसवायलाच निघाला आहे, तो कायदा कशाला पाळील?

पेटीबंद नाणे

या सगळ्या भानगडीतून सामान्य ग्राहकाने सुटावे म्हणून तपासणी करणाऱ्या संस्था निघाल्या. प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस ही संस्था १९८६ साली कामाला लागली. दुसरी, एनजीसी नावाने ओळखली जाणारी, १९८७ साली निघाली. त्यांचे जाणकार नाणे कुणाचे आहे हे न पाहता आपापली मते देतात, त्यातून आकडा ठरतो आणि नाणे कडक प्लॅस्टिकच्या चपट्या पेटीत कायमचे बंद होते. या पेटीला ‘स्लॅब’ म्हणतात. आत चिठ्ठीवर साल, टांकसाळ, प्रत आणि क्रमांक असतो.

यामुळे व्यवहार सोपा झाला, फसवणूक कमी झाली. पण संपली नाही. पेट्यांच्याही नकला निघाल्या. म्हणून क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून, तिथे छायाचित्र असल्यास ते हातातल्या नाण्याशी ताडून पाहावे. दुसरे, आकडा म्हणजे शेवटी माणसाचे मत. तेच नाणे पेटी फोडून पुन्हा पाठवले, तर एखादा अंक वर किंवा खाली येऊ शकतो, आणि वर येईल या आशेने पेट्या फोडणारेही आहेत. एकाच आकड्याची दोन नाणी शेजारी ठेवली, तर एक दुसऱ्याहून उजवे दिसतेच. २००७पासून सीएसी नावाची संस्था पेटीबंद नाणी पुन्हा पाहून, आकड्याला खरोखर शोभेल अशा नाण्याच्या पेटीवर हिरवी चिकटपट्टी लावू लागली. म्हणजे परीक्षकांवरही परीक्षक आले. संग्राहकांची जुनी शिकवण आहे, की नाणे विकत घ्या, पेटी नव्हे.

तुमच्या डब्यातली नाणी

आता आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. सुटीत येताना ती नाणी आणतात. त्यांत १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांची निघालेली पंचवीस सेंटची नाणी हमखास असतात. ती अब्जावधींनी पाडली गेली. वापरातून आलेल्या अशा नाण्याची किंमत पंचवीस सेंट, एवढीच. त्यांवर सोन्याचा मुलामा किंवा रंगीत चित्र चढवून, मखमली पेटीत घालून विकतात. संग्राहकाच्या दृष्टीने ती बिघडवलेली नाणी असतात. नातवंडांसाठी आठवण म्हणून जरूर ठेवा, गुंतवणूक म्हणून नको.

मात्र साल पाहायला विसरू नका. १९६४पर्यंतची दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटची नाणी नव्वद टक्के चांदीची आहेत. कडेकडून पाहिले तर चांदीचे नाणे एकसारखे पांढरे दिसते, नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची लालसर रेघ असते. चांदीचे नाणे कितीही झिजलेले असले तरी धातूची किंमत त्याला मिळतेच. मॉर्गन डॉलरमध्ये तर चोवीस ग्रॅमहून थोडी अधिक शुद्ध चांदी आहे. त्याखाली कुणी भाव सांगितला, तर उठून यावे.

जुने नाणे सापडले तर घासू नका, पुसू नका, दुकानात धावू नका. दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे काढा, वजन करा, साल आणि टांकसाळीचे अक्षर लिहून ठेवा. मग दोन-तीन जाणकारांना दाखवा. तपासणीला अमेरिकेत पाठवण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून नाण्याची संभाव्य किंमत त्याच्या कितीतरी पट असेल तरच त्या वाटेला जावे.

आणि डोळा तयार करायचा असेल, तर त्यासाठी अमेरिकन नाणे विकत घ्यायचीही गरज नाही. आजच घरातली एकाच नमुन्याची दहा-बारा नाणी गोळा करा. दोन रुपयांची चालतील, पाचाची चालतील. दिवा एकच लावा, ती तिरकी धरून पाहा आणि सर्वांत कोऱ्यापासून सर्वांत झिजलेल्यापर्यंत ओळीने लावा. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तीच नाणी मिसळून द्या आणि त्यांची ओळ लावायला सांगा. पहिले आणि शेवटचे नाणे बहुधा दोघांचेही सारखेच येईल. मधल्या दोन-तीन नाण्यांवरून वाद होईल. तो वाद घालताना तुम्ही जिथे जिथे बोट ठेवाल, त्या जागा टिपून ठेवा. नाण्याची प्रत ठरवणारे जाणकारही रोज त्याच जागा पाहत असतात.